दारावर कुणी आलं की हलणारा पक्षी

खाऊच्या डब्याचं झाकण.

छातीचे दोन एक्स-रे.

बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर.

एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ.

बादलीत भिजत पडलेला कागदाचा लगदा.

एका म्हाताऱ्या माणसाचे कान.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण या सगळ्यांचा मिळून मी झालो. मी एक जुना पक्षी आहे. कोणत्या जातीचा ते विचारू नका. मला घडवणारीलाही ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. चोच पोपटाची झाली, मान बगळ्याची, आणि पोट कुणाचं ते देव जाणे.

मला घडवणारी मुलगी नववीत होती. घरात तिला सगळे खटपटी म्हणत. नळ असो की घड्याळ, उघडून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या शाळेत चित्रकला, इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रकाम असे तीन तास असत, आणि वर्षाच्या शेवटी तिन्हींचा उपयोग करून एक वस्तू बनवावी लागे. कुणी पवनचक्की केली, कुणी दिवा. खटपटीने मला केलं, कारण तिच्या आजोबांना ऐकू येत नव्हतं.

आजोबांनी उभा जन्म ट्रक चालवला. म्हातारपणी त्या इंजिनाने त्यांचे कान नेले. दिवसभर घरात ते एकटेच. दूधवाला बेल वाजवून परत जाई, गॅसवाला शिव्या देत परत जाई. त्याचं आजोबांना फारसं काही वाटत नसे. त्यांना धास्ती वेगळीच होती. त्यांचा धाकटा भाऊ येणार होता.

दोघा भावांचं बोलणं तुटून वर्षं झाली होती. आईच्या शेवटच्या आजारपणात कोण किती जागलं, यावरून शब्दाला शब्द लागला आणि धाकट्याने त्या घराची पायरी सोडली. आता त्यांच्या बहिणीकडून निरोप आला होता : "येईन म्हणालाय. कधी ते विचारू नका, नाहीतर बिथरेल."

"त्यांना सांगून ठेवू का, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून?" खटपटीच्या आईने पाटीवर लिहून विचारलं.

"खबरदार! कीव येऊन आलेला भाऊ मला नकोय. यायचं तर तसाच येऊ दे."

तेव्हापासून आजोबा दुपारची डुलकी सोडून दाराकडे तोंड करून बसू लागले. चहा टाकायला उठले तरी मान दाराकडेच. खटपटीने ते पाहिलं आणि कामाला लागली.

माझे पंख आजोबांच्याच जुन्या एक्स-रेचे आहेत. उजेडात धरलं तर त्यात फासळ्या दिसतात. लगद्याच्या पोटात खाऊच्या डब्याच्या झाकणाची एक चकती आहे, तिचं भोक मुद्दाम मध्यापासून थोडं बाजूला पाडलेलं. मोटर फिरली की चकती वेडीवाकडी फिरते, तारा ओढते आणि पंख वरखाली होतात. दारावरच्या बेलची तार माझ्या पोटात यायची होती. बाहेर कुणी बटण दाबलं की इकडे माझे डोळे लाल व्हायचे, पंख फडफडायचे आणि आजोबांना कळायचं, कुणीतरी आलंय.

पहिल्यांदा माझे पंख हलले तेव्हा खटपटी एकटीच वर्गात होती. तिने टाळी वाजवली नाही. नुसती बाकावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मित्रांनो, नंतर मला पुष्कळ टाळ्या मिळाल्या, पण तसं कुणी बघितलं नाही.

माझा पहिला नंबर आला.

इथून माझं दुर्दैव सुरू होतं.

त्या शाळेची एक रीत होती. वर्षातली सगळ्यात चांगली वस्तू मोठ्या बाईंच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात राहायची, पुढच्या वर्षीची चांगली वस्तू येईपर्यंत. बाकीच्या वस्तू मुलांनी घरी न्यायच्या. वाकडी पवनचक्की घरी गेली. न पेटणारा दिवासुद्धा घरी गेला. मी राहिलो.

"बाई, मला तो घरी हवाय," खटपटी म्हणाली. "आजोबांसाठी केलाय."

"अगं वेडे, मान आहे हा!" मोठ्या बाई हसल्या. "आजोबांना इथे घेऊन ये की. खुर्ची देऊ त्यांना बसायला."

भावाच्या कानी जाऊ नये म्हणून, कान गेल्याचं बाहेर बोलायचं नाही, ही आजोबांची शपथ होती. खटपटी तशीच खोलीतून निघाली. बाहेर दिवा बनवणारी तिची मैत्रीण उभी होती.

"तुझंच चुकलं," ती म्हणाली. "जरा बिघडवून ठेवायचास. माझा बघ, कसा दिमाखात घरी चाललाय."

दोघी हसल्या. खटपटीचं हसू लवकर संपलं.

मला कुणी वाईट वागवलं नाही, हे सांगायला हवं. रोज माझी काच पुसत. बेलच्या तारेच्या जागी एक बटण बसवलं होतं आणि खाली पाटी होती : 'हलता पक्षी. शोभेची वस्तू.' मुलं जाता-येता बटण दाबत, पाहुणे दाबत, शिपाईमामा झाडता झाडता दाबत. मी दर वेळी सांगत होतो, कुणीतरी आलंय, कुणीतरी आलंय. कुणीही आलेलं नसायचं.

आणि एका दुपारी धाकटे आजोबा आले.

मी तिथे नव्हतो. खटपटी दुसऱ्या दिवशी कपाटापाशी येऊन मैत्रिणीला सांगत होती, ते मी काचेतून ऐकलं. त्या दुपारी आजोबांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवली आणि दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसले. धाकट्यांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग खिडकीतून डोकावले. आतमध्ये दादा पाठ फिरवून बसलेला. शेजारच्या काकूंनी त्यांना पायरी उतरताना पाहिलं.

खटपटीच्या आईने रात्री त्यांना फोन करून सगळं सांगितलं. धाकटे म्हणाले, "बहिरा? सूनबाई, दादाची सोंगं मी लहानपणापासून बघतोय. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. मानसुद्धा वळवली नाही त्याने." आणि फोन ठेवला. पुढे बहिणीने मध्ये पडून दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. तेवढा वेळ धाकट्यांच्या हृदयाने दिला नाही.

पुढच्या वर्षी कुणीतरी पाण्यावर चालणारी नाव केली आणि मला घरी जायला मिळालं. खटपटीने मला भिंतीवर लावलं, पोटात तार जोडली, बाहेर जाऊन बटण दाबलं. माझे पंख हलले. इतक्या हाताळण्याने चकती झिजली होती, त्यामुळे डावा पंख मागे राहत होता, पण हलले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. उठले नाहीत.

"छान केलायस गं," ते म्हणाले. मग पेपर उघडत : "पण काढ तो. आता कोण यायचंय?"

आता मी कपाटाच्या वर, रिकाम्या बॅगांच्या मागे असतो. खटपटी मोठी झाली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. सुट्टीत येते तेव्हा माझ्यावरची धूळ पुसते, आणि मला चालू मात्र करत नाही.

मित्रांनो, तुम्हीही हातांनी काही ना काही घडवाल. तुमचं कौतुक होईल, व्हायलाच हवं. पण एक ऐका. ज्याच्यासाठी केलं त्याच्या घरी ते आधी पोचवा, मग मिरवा. आणि कुणाचं चांगलं काम तुमच्या हाती आलं, तर ते काचेत ठेवण्याआधी, हे कशासाठी केलंस, एवढं विचारा.

माझा नंबर आला त्याच्या आदल्या संध्याकाळी, आजोबांनी स्टुलावर चढून माझ्यासाठी भिंतीत खिळा ठोकला होता.