वळणावरची जागा

"गॅस मारा ना भावजी, लगीच निघंल," साधना म्हणाली, आणि माऊलीच्या हातातलं करवतीचं पातं थांबलं.

"गॅस न्हाई ठेवत मी," तो म्हणाला आणि पुन्हा मान खाली घातली.

रिह्याच्या फाट्यावरच्या त्याच्या सायकलच्या दुकानात पूर्वी लोखंड तापवायची गॅसची टाकी होती, हे साधनाला चांगलं ठाऊक होतं. पण अडला नारायण कशाला वाद घालतोय. सायकल तिला एका फार्महाउसवाल्याने अशीच देऊन टाकली होती. चार पावसाळे ती झाडाखाली उभी होती, त्यात सीटचा दांडा आत घट्ट धरून बसला होता, तोही कुणा सहा फुटी माणसाच्या मापाला. सोमवारपासून साधनाला उताराखालच्या तीन बंगल्यांवर सकाळचा स्वयंपाक मिळाला होता. सीट खाली आली तर काम, नाही तर घरी बसा.

दोन दिवस माऊलीने त्या दांड्याची मनधरणी केली होती. सायकल उलटी टांगून खालून डिझेल सोडलं. दांड्याचं डोकं बाकावरच्या वाइसच्या जबड्यात आवळून अख्खी फ्रेम हळूहळू पिळून पाहिली. फ्रेम कुरकुरली तसा हात काढून घेतला. दुसरा कुणी असता तर त्याने नेट लावला असता. माऊलीचं म्हणणं असं, की जोर केला की निघतं सगळंच, पण फ्रेम ते मनात धरते.

शेवटी आज त्याने दांडा वरून कापला आणि त्याच्या पोकळ नळीत नुसतं पातं घालून, धरायच्या टोकाला चिंधी गुंडाळून, आतल्या आत उभी चीर पाडायला घेतली. दांडा अॅल्युमिनियमचा, फ्रेम लोखंडाची. अॅल्युमिनियममध्ये पातं मऊ चालतं, लोखंडाला लागलं की किरकिरतं. त्या किरकिरीच्या केसभर अलीकडे थांबायचं, एवढीच सगळी विद्या. सकाळपासून तो कान लावून बसला होता.

साधनाने पदराची गाठ सोडली. काळ्या फडक्यात शिवलेला बिब्बा होता.

"दांडा निघाला की ह्यो आत सोडा. देवरुष्यानं दिलाय. नळीत ऱ्हायला की पडायचं भ्या न्हाई. त्या वळणावरनं जायचंय मला."

फाट्यावरून दिसणाऱ्या उतारावर ते वळण होतं. साधनाचा नवरा कैलास बारा वर्षांपूर्वी तिथेच गेला. दोन दुधाच्या किटल्या लावून उतरत होता, सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा तुटला आणि तो दगडांवर आपटला. वर्षभरात तिथल्या एका दगडाला शेंदूर लागला. मग वर पत्रा आला, घंटा आली. आता पुण्याचे गाडीवालेसुद्धा तिथे हॉर्न वाजवून जातात, आणि साधना दर अवसेला नारळ फोडते. सायकलवरचा माणूस तर खाली उतरून, हात जोडूनच पुढे जातो.

जागा वाईट आहे हे पहिल्यांदा कुणी म्हटलं, ते गावात कुणाला आठवत नव्हतं. माऊलीला आठवत होतं.

त्या दिवाळीत कैलासच्या हँडलचा खुंट चिमट्याच्या नळीत गंजून बसला होता. दुकानात ही गर्दी. माऊलीने गॅस लावला, नळी लाल होईस्तोवर तापवली, खुंट उपसला. नळीवर केसाएवढी चीर दिसली. त्याने त्यात पितळ भरलं, वर काळा रंग मारला आणि दोस्ताची सायकल दोस्ताच्या हवाली केली. अठराव्या दिवशी कैलास पडला. जमलेल्या लोकांत कुणीतरी विचारलं, चिमटा असा तुटला कसा? तेव्हा माऊलीच बोलून गेला होता, "चिमट्याचं काय घेऊन बसलाय, जागाच वंगाळ हाय ही." मोडकी सायकलही त्यानेच उचलून नेली. अपशकुनी वस्तू विधवेच्या दारात नको म्हणून नेली, असं समजून लोकांनी त्याला देवमाणूस म्हटलं.

तेव्हापासून तोही वळणावर उतरून हात जोडू लागला. आधी लोक बघतात म्हणून, पुढे कुणी नसलं तरी. भर दुपारी मागून किटल्यांचा खडखडाट यायचा. वळून बघावं तर रस्ता मोकळा. आपणच उठवलेलं भूत आपल्याच मानगुटीवर बसलं होतं, आणि ते उतरवायला कुठल्या देवरुष्याकडे जायची सोय नव्हती.

दुपारी चीर पुरी झाली. माऊलीने चिरलेल्या दांड्याची कड आत दुमडली, पकडीने धरून फिरवली आणि दांडा कुरकुरत बाहेर आला. त्याने फ्रेममध्ये बोट घालून चाचपलं. कुठे ओरखडा नव्हता.

साधनाने बिब्बा पुढे केला. त्याने तो घेतला, नळीच्या तोंडापर्यंत नेला, आणि बाकावर ठेवून दिला.

"वैनी, ह्ये नको. त्या वळणावर कोण न्हाई."

मग त्याने सगळं सांगितलं. गॅस, चीर, पितळ, रंग, आणि ते एक वाक्य. सांगताना तो मोकळ्या नळीकडेच बघत होता.

साधनाने उताराकडे पाहिलं. रस्त्याने दोन डंपर गेले.

"धाव्वीनंतर शुभीला पौडला जायचं व्हतं शिकाया," ती म्हणाली. "रस्ता त्याच वळणाचा. म्या म्हनलं, तुज्या बापाला खाल्लं त्या जागंनं, तुला न्हाई खाऊ द्यायची. तीन दिस जेवली न्हवती पोर."

लेक शुभांगी आता जांब्याला दिल्या घरी होती. सासरच्या भाडेकरूंच्या चौदा खोल्यांचे जिने ती धूत होती.

"मला पोलिसात द्या वैनी. काय बी करा."

"त्यानं शुभीची वर्सं येत्यात व्हय माघारी?" तिने डोळे पुसले. "सीट बसव आदी."

बारा वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं. त्याने भंगारातला मापाचा दांडा शोधला, त्याला ग्रीस फासलं, तिच्या कमरेच्या उंचीला सीट धरून बोल्ट आवळला. काम चोख झालं.

"आइतवारी जांब्याला चल," साधना म्हणाली. "शुभीला तूच सांग. म्या सांगितलं तर तिला वाटंल, आई आता आणिक काय तरी नवं काढतीया."

"यीन," माऊली म्हणाला.

शाळा सुटल्यापासून ती सायकलवर बसली नव्हती. चार-पाच हात हेलपाटली, मग सावरली आणि उताराला लागली. माऊली दारात उभा राहून बघत होता. वळण आलं तशी ती सवयीने खाली उतरली. दोन्ही हात जोडायला वर उचलले गेले आणि छातीपाशी येऊन थांबले. थोडा वेळ ती तशीच दगडाकडे बघत राहिली. मग तिने हात पुन्हा हँडलवर ठेवले.