चारचौघांत मागितलेली माफी

"अहो, हे घ्या तुमचं चोरीला गेलेलं कापड!" कपाटामागे सापडलेली निळी घडी वासंतीबाईंनी नवऱ्यापुढे टाकली.

गोपीनाथरावांचा पोह्यांचा घास हातातच राहिला. पँट शिवून उरलेलं कापड दाबलं म्हणून कालच त्यांनी अमीनाबादेत, भरल्या दुकानात, त्यांच्या शिंप्याला, मुन्ने मास्टरांना, चोर म्हटलं होतं.

गोपीनाथराव मूळचे साताऱ्याचे, लखनौला रेल्वेत ड्राफ्ट्समन. गेली तीस वर्षं दर पाडव्याला ते आपला एकेक दुर्गुण सुधारायला घेत. थापा तीन वर्षांत सुटल्या, तंबाखू पाचांत. राग मात्र चौऱ्याण्णव साल उजाडलं तरी त्याच वर्गात बसून होता.

"चिठ्ठी पाठवा की दोन ओळींची," वासंतीबाई म्हणाल्या.

"चारचौघांत बोललो, माफीही चारचौघांतच. नाहीतर तीस वर्षं पाण्यात गेली म्हणायची."

दुकानात गर्दी होती. कालचे दोन्ही कारागीर मशीनवर होतेच.

"मास्टरजी, कल मैंने..."

त्यांच्या हातातली घडी पाहून मास्टर सारं समजले. "अरे साहब, ख़ता हमारी थी. टुकड़ा हाथ में देना था, हमने पैंट के अंदर ही रख दिया. तशरीफ़ रखिए."

"नहीं, मैंने आपको..."

"आप बड़े हैं साहब. बड़ों का कहा हम दिल पे नहीं लेते. चाय मँगवाऊँ?"

एरवी 'पहले आप' म्हणणारं हे शहर, दोष घ्यायची वेळ आली की पहिला नंबर सोडत नाही! गोपीनाथरावांचं डोकं सणकलं.

"अरे, माफ़ी माँगने देंगे कि नहीं मुझे?" ते केवढ्याने तरी ओरडले.

मशीनं थांबली. एक बाई खुदकन हसली. गोपीनाथराव स्वतःवरच ओशाळले. मास्टरांनी कात्री खाली ठेवली आणि चष्मा काढला.

"कहिए."

"कपड़ा मेरे ही घर में निकला. आपको चोर कहा, मैं ग़लत था. सबके सामने कहा था, सबके सामने माफ़ी माँगता हूँ." एकदाचं वाक्य पुरं झालं. किती हलकं वाटलं त्यांना!

आता मास्टर पुन्हा काहीतरी गोड बोलतील असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी हातातला चष्मा मिटून ठेवला.

"कल हमसे खाना नहीं खाया गया, साहब," ते हळूच म्हणाले आणि गळ्यातल्या टेपनेच त्यांनी डोळे पुसले.

एका कारागिराने स्टूल पुढे सरकवलं. गोपीनाथराव बसले नाहीत. मास्टरांसमोर तसेच उभे राहिले.