या मिशा कुणाच्या?

मित्रांनो, मी एक जुना, लांब मिशांचा भुंगेरा आहे. निदान सगळे तसं म्हणतात; मला विचाराल तर माझा मलाच पत्ता नाही.

तीन वर्षं मी अळी होऊन एका वठलेल्या फांदीत लाकूड पोखरलं. पंख फुटून धड पंधरा दिवस झाले नव्हते, तोच पाठीत टाचणी बसली आणि संग्रहालयातल्या एका खणात माझी रवानगी झाली. टाचणीवर माझ्या नावाची चिठ्ठी होती. तेव्हा मी कोण, हे सर्वांना ठाऊक होतं.

एकदा झाडपूस करताना म्हाताऱ्या संग्रहपालांच्या हातून तो खण निसटला. माझ्या दोन्ही मिशा तुटल्या, शेजाऱ्यांच्याही तुटल्या. "अरेरे, बिचारा अगदी बोडका दिसतोय!" म्हणत त्यांनी हाताला लागल्या त्या मिशा मला डिंकाने चिकटवल्या. माणूस मोठा प्रेमळ, पण लिहून काही ठेवलं नाही.

त्यानंतर जो जाणकार येई तो डोकं खाजवी. "चिठ्ठी चुकलीये. अंग एका कुळातलं, मिशा दुसऱ्याच कुळातल्या!" माझ्या टाचणीवर चार नावं चढली, चार वेळा खण बदलला. हसावं की रडावं, मला कळेना.

शेवटी एक संशोधक ताई आल्या. दोन वर्षं माझ्या मिशांची पेरं मोजून त्यांनी ठरवलं, की ही जात जगाला अजून माहीतच नाही. तिला त्या आपल्या वारलेल्या सुतार वडिलांचं नाव देणार होत्या. शोधनिबंध तयार होता, फक्त फोटो राहिला होता. धूळ काढायला त्यांनी ओला कुंचला फिरवला आणि दोन्ही मिशा गळून पडल्या. बुडाशी डिंक!

ताईंनी निबंधाचे कागद बाजूला सारले.

"पुन्हा चिकटव," त्यांचे सर हळूच म्हणाले. "कुणाला कळतंय?"

नव्या नावाचा मोह मलाही होता, खोटं कशाला बोलू?

"मला कळलंय ना, सर," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "भेगेत लांबीचा लगदा भरून बाबांनी कधी एक खुर्ची विकली नाही. त्यांचं नाव या जोडकामाला देऊ?"

निबंध मागे घेतला गेला. मला माझं पहिलं, साधंसुधं नाव परत मिळालं. मिशा एका डबीत ठेवून ताईंनी वर लिहिलं, 'दुसऱ्याच्या. कुणाच्या, माहीत नाही.'

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडलं तर खुशाल चिकटवा, पण चिकटवलं एवढं लिहून ठेवा. माझा गोंधळ अजून सरलेला नाही. आनंद करायला जावं, तर वाटतं, कुठल्यातरी खणात कुणीतरी बोडका बसला असेल आणि त्याला कुणी ओळखत नसेल. तुम्हाला दिसलाच, तर त्याच्या मिशा इथे जपून ठेवल्या आहेत, एवढं त्याला सांगा.