लिंबानं शिजलेला मासा

थिद लूई स्वप्नात आला तेव्हा त्याचे पाय तळ्याच्या पाण्यात होते. धुकं इतकं दाट, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते उमगत नव्हतं. अंगाचा रंग जाताना होता तसाच, हळदीत बुचकळून काढल्यासारखा. बायकोकडे न बघताच तो म्हणाला, "बुआपान, भूक लागलीय गं. तो पांढरा झालेला मासा दे थोडा."

एवढं बोलून तो धुक्यात विरून गेला. बुआपान जागी झाली तेव्हा कोंबडा आरवत होता, आणि आपल्या बोटांना लिंबाचा वास येतोय असं तिला उगाच वाटत राहिलं.

नोंगसिम गावात भिक्खूचं चीवर उतरवून संसारात आलेल्या माणसाच्या नावाआधी मरेपर्यंत 'थिद' लागतं. लूईला ते शोभायचं. विहारात होता तेव्हा तो प्रवचन गायचा, आणि काय गायचा. हरवलेली लेकरं शोधत एक आई रानोमाळ फिरते, झाडांना विचारते, ओढ्यांना विचारते, तो अध्याय त्यानं लावला की मांडवातल्या म्हाताऱ्या पदर ओले करून घरी जायच्या आणि मन हलकं झालं म्हणायच्या. संसारात पडल्यावर गळा तोच राहिला, पण दुसरा एक नाद लागला. तळ्यातले बोटभर मासे कच्चेच बारीक चिरायचे, वर लिंबू पिळायचं, मिरची, पुदिना, भाजलेल्या तांदळाची भरड टाकायची. मांस पांढरं पडलं की तो म्हणायचा, "झालं. लिंबानं शिजलं." त्यात त्याचं एकट्याचं काय चुकलं? सगळं गाव तेच म्हणत आलेलं.

त्या माशातून पानासारखा चपटा, नखाएवढा किडा पोटात जातो आणि यकृताच्या नळ्यांत बिऱ्हाड करतो, हे आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईनं सांगितलं तेव्हा लूईचे डोळे पिवळे झाले होते.

आता त्याच नर्सबाईसमोर लूईचा लेक सिलाय बसला होता. तपासणीत त्याच्याही पोटात किड्यांची अंडी सापडली होती, आणि तीही पहिल्यांदा नव्हे.

"गोळीनं किडे मरतात रे," नर्सबाई म्हणाली, "पण त्यांनी ओरबाडलेली जागा तशीच राहते. तू पुन्हा खातोस, पुन्हा ओरखडे. तुझ्या बाबांचं असंच सुरू झालं."

"ताई, गोळी म्हणजे ओलं फडकं," सिलाय म्हणाला. "पाटी पुसली की पुन्हा लिहायला मोकळी."

दारात उभे असलेले त्याचे मित्र खिदळले. बुआपानही तिथंच होती. तिला हसू आलं नाही.

घरी येताना तिनं त्याला स्वप्न सांगितलं.

"बघ," सिलाय म्हणाला, "बाबांना अजून कच्चाच हवाय. आणि मला म्हणतेस सोड."

मेलेल्या माणसाला काही पोचवायचं तर ते भिक्खूंच्या पात्रात घालावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिनं मासे आणले, नवऱ्याला आवडायचे तसेच चिरले, लिंबू पिळलं, आणि केळीच्या पानाखाली वाडगा झाकून विहाराची वाट धरली.

विहाराचे म्हातारे भंते चिंचेखाली बसले होते. त्यांनी पान उचलून बघितलं.

"शिजवलंयस का?"

"लिंबानं शिजलंय, भंते."

भंते गालातल्या गालात हसले. "लिंबानं रंग बदलतो, बाई. भगवं गुंडाळलं म्हणून कुणी भिक्खू होतो का? ज्याच्या खाली विस्तव पेटला नाही ते आमच्या पात्रात चालत नाही. नियमच आहे तो."

"पण त्यांना हेच हवंय."

"तुझा लूई इथं किती पावसाळे वर्षावासाला राहिला. त्यानं कधी कच्चा मासा चाटला नाही, आणि गळा तर बघ कसा होता." भंतेंनी पान पुन्हा वाडग्यावर ठेवलं. "स्वप्नात माणूस भूक लागली म्हणतो तेवढं खरं धरावं. काय खायचं ते आपण ठरवावं."

बुआपाननं विहाराच्याच चुलीवर मासा परतला. धूर डोळ्यांत जात होता. चिंचेच्या पानांतून ऊन सांडत होतं, तव्यावर चर्र वाजत होतं, आणि त्या आवाजात तिच्या मनात एक विचार हळूच येऊन बसला. चीवरातला माणूस कच्चं खात नाही.

संध्याकाळी तिनं सिलायला म्हटलं, "वर्षावास तोंडावर आलाय. या वर्षी दीक्षा घे."

"मी?" सिलाय पंपाचा पट्टा बसवत होता. "डोकं तासून काय करू? गावातले पंप कोण दुरुस्त करणार, बुद्ध भगवान?"

"बाबांसाठी घे."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "आई, खरं बोल. बाबांसाठी की माझ्या पोटासाठी?"

बुआपाननं विहारात नुकतंच पंचशील घेतलं होतं. खोटं कसं बोलणार? "दोन्हीसाठी. पुण्य मिळालं तर त्यांना मिळू दे. मला फक्त इतकंच हवंय, की पावसाळाभर तुझ्या तोंडात शिजलेलं जावं."

सिलायनं पट्टा ताणून बसवला. मग म्हणाला, "पावसाळाभर. नंतर माझा मासा माझा. तेव्हा मला अडवायचं नाही."

"नाही अडवणार."

तिनं शब्द दिला.

गोळी घेऊन तो विहारात गेला. त्याच्या केसांची पहिली बट तिनं कापली आणि कमळाच्या पानात झेलली. त्या दिवसापासून तिचा लेक तिचा राहिला नाही. पहाटे तो अनवाणी भिक्षेला यायचा तेव्हा ती गुडघे टेकून चिकट भाताची मूद आणि केळीच्या पानात भाजलेला मासा त्याच्या पात्रात घालायची. तो खाली बघून पुढे जायचा. मागे पावसानं भिजलेल्या वाटेवर त्याची पावलं उमटलेली असायची, आणि ती पावलं पाण्यानं भरेपर्यंत बुआपान तिथंच बसून राहायची.

पंचांगातल्या दहाव्या महिन्यात पितरांचा सण आला. झाडांच्या बुंध्याशी अन्नाच्या पुड्या ठेवून गाव विहारात जमलं. धर्मासनावर नवा भिक्खू सिलाय चढला, आणि त्यानं रानोमाळ फिरणाऱ्या आईचा अध्याय लावला. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला बुआपानचे हात जोडलेलेच राहिले. गळा लूईचा होता. आई झाडांना विचारत होती, ओढ्यांना विचारत होती, आणि बाहेर पाऊस पानापानांवरून हो हो म्हणत होता. बुआपानला वाटलं, खांबाशी कुणीतरी भिजलेल्या पायांनी बसलंय आणि मान डोलावतंय. तिनं वळून बघितलं नाही. अशा पाहुण्याकडे बघू नये.

त्यानंतर लूई स्वप्नात आला तो काही न मागता. नुसता तळ्याकाठी बसून होता. रंगही निवळल्यासारखा वाटला.

पाऊस सरला. सिलायनं चीवर उतरवलं आणि लोक त्याला थिद सिलाय म्हणू लागले. त्याच संध्याकाळी मित्रांनी तळ्याकाठी चटई अंथरली. बुआपान पाणवठ्याच्या पायरीवर भांडी घासत होती. दिलेला शब्द ओठांत धरून ती घासलेलंच भांडं पुन्हा घासत राहिली.

मित्रांपैकी बुनखोंगनं मासे चिरले, लिंबू पिळलं. मांस पांढरं पडलं.

"या थिदमहाराज," तो म्हणाला. "उपास सोडा. तुमच्यासाठी मासा ताजा धरलाय."

सिलायनं वाडगा जवळ ओढला. वास घेतला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं बुआपानला इतक्या लांबूनही कळलं. त्यानं भाताची गोळी केली, बुडवायला हात नेला आणि तो हात तिथंच थांबला.

मग तो उठला. काठावरून तीन दगड आणि पायरीवरचा घासलेला तवा आणला, खाली काटक्या सारल्या.

"काय रे, तुझ्या पात्रात चालत नाही वाटतं?" बुनखोंग हसला.

"पात्र परत दिलं," काडी ओढत सिलाय म्हणाला. "पोट बाबांकडून आलंय, ते कुठं परत देऊ?"

"चव जाईल त्याची."

"थोडी जाईल. आणि इथून पुढं नर्सबाईच्या यकृत बघायच्या यंत्राखाली झोपायचंय दरवर्षी, ते वेगळंच."

बुनखोंगनं शिवी हासडली, पण आपलाही वाटा त्यानं तव्याकडे सरकवला, अर्धाच. तव्यावर चर्र झालं. धूर आधी वर गेला, मग पाण्यावर उतरला, आणि संध्याकाळच्या धुक्यात मिसळून पलीकडच्या काठाकडे सरकत गेला. बुआपाननं भांडं पालथं घातलं आणि तिकडे बघत हात जोडले.