जिवाणूंची झोप

चंद्रभानरावांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर भरवसा: स्वतःची अक्कल आणि युरिया. त्यामुळे शहरात, जठारपेठेत वाढलेली, कुंडीतल्या तुळशीपलीकडे शेती न पाहिलेली सून प्राजक्ता जेव्हा म्हणाली, "मामाजी, सोयाबीनले युरिया लागतच नाही," तेव्हा त्यांना ठसकाच लागला.

पैज लागली. वावराचे दोन भाग केले. एकात सासऱ्यांचा युरिया, दुसऱ्यात सुनेचं जिवाणू चोळलेलं बियाणं. ज्याचं पीक सरस, पुढच्या हंगामापासून सगळ्या वावराचा कारभार त्याच्या हाती. निवाडा करणार शेजारच्या वावरातले इनायतुल्ला, चंद्रभानरावांचे लहानपणचे दोस्त.

प्राजक्ताने एकच चूक केली. भोळेपणाने सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. "मुळाच्या गाठीत जिवाणू राहतात. हवेतला नत्र पकडून ते झाडाले देतात, झाड त्याइले साखर देते. काम चालू असलं का गाठ आतून गुलाबी दिसते. वरून युरिया टाकला का नत्र आयताच भेटते, झाडाले त्याइची गरजच उरत नाही. मंग काम बंद, गाठ हिरवट."

"असं काय?" म्हणत चंद्रभानरावांनी मान हलवली. शेवटचं तेवढं बरोबर ध्यानात ठेवलं.

नागपंचमीला सून माहेरी गेली. त्या दिवशी कुणी मातीत औत घालत नाही, त्यामुळे शिवारात चिटपाखरू नव्हतं. चंद्रभानरावांनी युरिया नेला आणि सुनेच्या भागात मुठीमुठीने फेकला. आपण माती उकरली नाही, नुसतं वरून टाकलं, असं नागोबालाही समजावून सांगितलं. संध्याकाळी पाऊस आला आणि म्हातारा गालातल्या गालात हसला.

हसू आठवडाभरच टिकलं. आधी जिवाणूंचं आणि वर युरियाचं, असं दुप्पट खाऊन सुनेचं सोयाबीन असं तरारलं की सासऱ्यांचं त्यापुढे फिकं दिसू लागलं. येणारा-जाणारा थांबून म्हणे, "बाप्पा! बिना युरियाचं!" चंद्रभानरावांचा जीव वरखाली होई. बोलावं तर चोरी उघडी पडते, गप्प बसावं तर कारभार जातो.

पोळ्याच्या आधी इनायतुल्लांनी दोन्ही भाग फिरून पाहिले. "भाऊ, इमानानं सांगतो, सूनबाईचं सरस आहे."

"थांब!" चंद्रभानरावांना राहवेना. "वरतून काय पाह्यतं? मुयं पाह्य!" त्यांनी सुनेच्या भागातलं झाड उपटलं आणि नखाने गाठ फोडली. ती हिरवट निघाली. "पाह्य! झोपले हिचे जिवाणू! काईच करून नाही राहिले!"

प्राजक्ताने गाठ तळहातावर घेऊन निरखली. "झोपले खरे, मामाजी. पन झाडाचं पोट बाहेरून भरल्याशिवाय हे झोपत नाहीत." मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "झाडाले जेवू कोनं घातलं?"

इनायतुल्लांनी वळून दोस्ताकडे पाहिलं. चंद्रभानरावांचे कान तापले. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त सुनेचं कौतुक वाटलं.

"कारभार तुया, पोरी," ते पुटपुटले. "पन इनायत, गावात बोलला तं याद राख!"

इनायतुल्ला तोवर धुऱ्याच्या बांधावर पोचले होते, आणि भरभर गावाकडे निघाले होते.