गोल बैठक

"कोण कापतंय?"

कारखाना सुटून पाव तास झाला होता. न्यायला येणाऱ्या धाकट्या भावाला आज उशीर झाला म्हणून आंधळा विणकर दाराजवळच्या बाकावर बसून राहिला होता. आतून ताणून विणलेला वेत कापल्याचा आवाज येत होता, आणि विणून झालेली खुर्ची कुणी उगाच कापत नाही.

"मी आहे, दादा," आठवड्यापूर्वी कामाला लागलेली बाई म्हणाली. "उसवतेय."

"कुणाची?"

तो काठी टेकत आत गेला आणि खुर्चीच्या गोल बैठकीखालून हात फिरवला. गाठी त्याच्याच होत्या. दुपारीच मुकादम याच खुर्चीवर हात ठेवून "वा दादा, काय हात आहे" म्हणून गेला होता.

"मुकादमांनीच सांगितलंय. तुम्ही गेल्यावर उसवायची आणि पुन्हा विणायची. माझ्या आधीची बाईपण हेच करायची म्हणे. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुकादमाच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाची वीण सैल पडली की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आपल्याला अकरा वर्षांत एक वाकडा शब्द ऐकावा लागला नाही, याचा विणकराला केवढा ताठा. माझ्या कामात बोट ठेवायला जागा नाही, असं तो बायकोला रोज ऐकवायचा. ती बिचारी ऐकायची.

मुकादम कुलूप घेऊन आला. "दादा, अजून इथेच? पाणी देऊ का?"

"पाणी नको. माझं काय चुकतं ते सांगा."

"तुमचं काय चुकणार. तुम्ही एवढं करता हेच खूप."

"एवढं म्हणजे केवढं? सगळ्यांना शिव्या आणि मलाच साखर? मी काय पाहुणा आहे इथे?"

"तुमच्यावर कसा ओरडू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आधीच देवाने तुम्हाला..."

"देवाला मधे आणू नका." त्याने चाचपडत मुकादमाचं मनगट धरलं आणि त्याचं बोट विणीवर दाबलं. "कुठे ते दाखवा."

मुकादम हात सोडवू लागला. शेवटी बाईच म्हणाली, "अहो, सांगून टाका की. दादा, चौकोनी बैठका तुमच्या चांगल्या असतात. गोल आली की कडेची तिरकी पट्टी तुम्ही आडवीच्या खालून घेता. ती घासते आणि वर्षात तुटते."

"वरून घ्यायची?"

"वरून."

एवढंच होतं. पहिल्याच आठवड्यात कुणी खडसावलं असतं तर पहिल्याच आठवड्यात सुधारलं असतं. अकरा वर्षं या माणसांनी त्याला गोड बोलून अडाणी ठेवलं होतं.

"दिसत असतं तर आत्ता तुमच्या थोबाडीत दिली असती," तो म्हणाला.

"दे की मग. वाट कसली बघतोस?" मुकादमाच्या तोंडाचा पट्टा अखेर सुटला. "तुझ्यापायी दोनदा मालकाची बोलणी खाल्ली मी. अकरा वर्षं तुझी घाण निस्तरतोय, आणि वर माझ्यावरच डोळे वटारतोस?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"थांबलात का? बोला पुढे," विणकर म्हणाला.

मुकादमाने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. विणकर स्टुलावर बसला. लेकीच्या शाळेत तिच्या वर्गाच्या बाईंची खुर्ची याच कारखान्यातली होती, आणि तिची बैठक गोल होती. ही माझ्या बाबांनी विणली, असं तिने सगळ्या वर्गाला हात लावून दाखवलं होतं. आता घरी गेल्यावर ती वीण आपली नाही हे तिला सांगावं लागणार होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जड जात होतं.

त्याने बाईकडून कात्री मागून घेतली आणि उरलेल्या तिरक्या पट्ट्या स्वतःच कापून काढल्या. मग घमेल्यात भिजत घातलेल्या वेताची एक पट्टी उपसली आणि कडेने ओवायला घेतली. बाहेर भावाच्या सायकलची घंटी वाजली. तो उठला नाही. मुकादम कुलूप बगलेत मारून शेजारी वाकून उभा राहिला.

"परत खालून घेतलीस, गाढवा. उसव."

त्याने उसवली.