हिरव्या केसांचे बारा म्हातारे

सकाळचे नऊही वाजले नव्हते, तरी अप्पांच्या परसातल्या पोहण्याच्या टाकीभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. काही जण तर पंपाच्या खोलीच्या छपरावर चढून बसले होते. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले बारा म्हातारे आणि काठावर निळ्या कफनीतले जलबाबा.

"डोकी वर!" बाबा गरजले.

बाराही डोकी वर झाली. आठवड्यापूर्वी कापसासारखे पांढरे असलेले केस पोपटासारखे हिरवे झाले होते.

"पिकलं पान कसं? पिवळं! कोवळं कसं? हिरवं! या पुण्यात्म्यांना पुन्हा पालवी फुटली आहे!"

गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या बारांत अप्पाही होते. त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभी होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

टाकी तीस वर्षांची. गिलावा खरबरीत झालेला, जागोजागी भेगा, पंप दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा. पायऱ्यांखालच्या कोपऱ्यात पाणी हलतच नसे, म्हणून शेवाळ तिथेच धरायचं. औषध टाकलं की मरायचं, आठवड्याने भेगांतून पुन्हा डोकं वर काढायचं. "अप्पा, घासायला हवं, गाळणी बदलायला हवी," असं सून कंठशोष करून सांगायची. अप्पा म्हणायचे, "उद्या बघू." मग कुठूनसे हे बाबा उगवले. त्यांनी पुरचुंडीतून मूठभर निळं 'भस्म' टाकलं आणि चार दिवसांत पाणी आरशासारखं झालं. तेव्हापासून रोज सकाळी एक मूठ पाण्यात आणि पेलाभर पाणी अप्पांच्या पोटात.

अप्पा तीन दिवस ओकत होते.

"म्हातारपण बाहेर पडतंय, सूनबाई."

"अप्पा, बाहेर नाश्ता पडतोय!"

पण ऐकतो कोण? डॉक्टरकडे चला म्हटलं, की बाबा डोळे वटारायचे आणि अप्पा पाण्यात पळायचे.

इतक्यात शेजारणीचं पांढरंशुभ्र कुत्रं गर्दीच्या पायांतून वाट काढत आलं. गेले आठ दिवस ते सगळ्यांची नजर चुकवून टाकीत डुंबत होतं. आता ते पांढरंशुभ्र नव्हतं. शेपटीच्या टोकापर्यंत हिरवं होतं.

बाबा क्षणभर गडबडले. मग हात उंचावून म्हणाले, "हासुद्धा पुण्यात्माच!"

लगेच रांग लागली. एक निवृत्त न्यायाधीश दर्शनाला वाकले, तर पुण्यात्मा त्यांची चप्पल घेऊन पळाला.

सुनेला हसू आवरेना. तिने पेलाभर साधं पाणी आणि एक लोखंडी खिळा घेतला. खिळा घासून लख्ख केला आणि ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, सगळे हिरवे झाले. तुमची दाढी काळी कशी?"

"आम्ही मुळातच तरुण!"

"दर बुधवारी मीच रंगवतो की," गर्दीतून न्हावी बोलला आणि जीभ चावून गप्प बसला.

सुनेने पुरचुंडीत चमचा घातला, भस्म पेल्यात ढवळलं आणि खिळा बुडवला. "दोन मिनिटं थांबा."

लोक थांबले. खिळा बाहेर आला तो लालसर होऊन.

"सोनं!" छपरावरून कुणीतरी ओरडलं.

"तांबं," सून म्हणाली. "हा मोरचूद आहे. त्याने शेवाळ मरतं, त्यात चमत्कार काही नाही. त्यातलं तांबं केसांवर चढतं. पांढऱ्या केसांवर दिसतं, काळ्यांवर दिसत नाही. माणूस असो की कुत्रं, तांब्याला पाप-पुण्य काही कळत नाही. पोटात गेलं तर मात्र ते विष आहे. खोटं वाटत असेल तर हा पेला बाबांनी प्यावा."

"आज आमचा उपास आहे," बाबा म्हणाले.

हे ऐकताच बाराही म्हातारे, गुडघेदुखी विसरून, एका दमात काठावर आले. बाबांना तेव्हाच खरं तारुण्य चढलं. ते कुंपणावर चढले, पण कफनी तारेत अडकली आणि पोलीस येईपर्यंत ते तिथेच लोंबकळत राहिले.

अप्पांना तिने तडक दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर प्यायले असते तर मूत्रपिंडं गेली असती.

दुसऱ्या दिवशी अप्पा छताकडे बघत हळूच म्हणाले, "घासायला हवं हे मलाही कळत होतं गं. पण माझे गुडघे वाकत नाहीत. हे तुला कसं सांगू? आणि तो म्हणाला, वाकायची गरजच नाही."

तिने त्यांचा हात धरला.

पुढच्या रविवारी टाकी उपसली. सून आणि अप्पांचा मुलगा गुडघ्यांवर बसून ताठ ब्रशने कोपरे घासत होते, भेगा बुजवत होते. अप्पा खुर्चीत बसून नळीने पाणी मारत होते आणि राहिलेली जागा बोटाने दाखवत होते. नवी गाळणी बसली. पाणी परत भरायला दोन दिवस लागले, स्वच्छ व्हायला आणखी तीन. यात टाळ्या वाजवण्यासारखं काहीच नव्हतं.

वाचकहो, कुणी तुमच्या पाण्यात, पोटात किंवा डोळ्यांत काही टाकायला आला, तर हात जोडण्याआधी त्याचा हात धरा आणि एवढंच विचारा, "हे काय आहे?" खरं औषध देणारा नाव सांगेल, प्रमाण सांगेल, धोकाही सांगेल. जो नुसता डोळे वटारेल, त्याला दार दाखवा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आधीच विचारून ठेवा, गुडघे कसे आहेत म्हणून.